‘बाह्यग्रह’ म्हणावं का ‘परग्रह’? आणि ‘ग्रह पाहिला’ हे बरोबर हाय का?

दर्यापूरकडून: मी शाळेत विज्ञान शिकवतो. गावच्या वाचनालयात पेपर येते त्यात दुसऱ्या ताऱ्याच्या ग्रहाले कधी बाह्यग्रह लिहिते, कधी परग्रह. पोरं इचारते, सर, गुरू-शनी बी बाह्यग्रहच ना, मंग हे कोणते नवे? आणि ‘दुर्बिणीतून ग्रह पाहिला’ असं छापते, तं खरंच पाहिला का?

अचलपूरकडून: घोळ खराच आहे. गुरूपासून पुढच्या ग्रहांना बाह्यग्रह म्हणायची जुनी रीत आहे, म्हणून मी तरी दुसऱ्या ताऱ्याच्या ग्रहासाठी तो शब्द टाळतो. परग्रह म्हटलं की लोकांच्या डोक्यात लगेच उडती तबकडी येते. पोरांसमोर ‘सूर्यमालेबाहेरचा ग्रह’ म्हणा, लांब आहे पण कोणी चकत नाही.

आता ‘पाहिला’चं. बहुतेक ग्रह पाहिलेले नाहीत, ओळखलेले आहेत. सूर्य सोडला तर आपल्या सगळ्यात जवळचा तारा प्रॉक्झिमा, ४.२४ प्रकाशवर्षं, त्याचा ग्रह २०१६ मध्ये जाहीर झाला, चिलीतल्या ला सिया वेधशाळेच्या ३.६ मीटर दुर्बिणीवर हार्प्स नावाचा वर्णपटमापक, म्हणजे प्रकाशाचे रंग वेगळे करून मोजणारं यंत्र, आहे त्याचं त्यात मोठं काम. ग्रह ११.२ दिवसांत फेरी मारतो आणि त्याच्या ओढीनं ताराच मागंपुढं हलतो, सेकंदाला साधारण १.४ मीटर, म्हणजे आपण पायी वावरात जातो तेवढ्या चालीनं! एवढी हालचाल ताऱ्याच्या प्रकाशातल्या रेघा किंचित सरकतात त्यावरून काढली, मला तर हे ग्रह दिसण्यापेक्षा मोठं वाटते. म्हणून ‘शोध लागला’ लिहावं.

चिखलदऱ्याकडून: ‘पाहिला’ म्हणता येतं असेही आहेत बरं. एप्सिलॉन इंडी हा तारा १२ प्रकाशवर्षांवर, त्याच्या गुरूहून कितीतरी वजनदार ग्रहाचा फोटोच जेम्स वेब दुर्बिणीनं काढला, २०२४ मध्ये जाहीर झाला. ताऱ्याचा उजेड आड धरून झाकला तेव्हा बाजूचा ठिपका उमटला.

आणि ट्रान्झिटला, म्हणजे ग्रह आपल्या ताऱ्यासमोरून जातो त्याला, संक्रमण लिहितात ते मला खटकतं, संक्रमण म्हणजे सूर्य रास बदलतो ते. २०१२ ला शुक्र सूर्यासमोरून गेला तेव्हा सगळीकडं अधिक्रमण हाच शब्द होता, तोच इथं चालवा.

दर्यापूरकडून: अधिक्रमण पटलं. पण ‘वेध घेतला’ लिहिलं तं? आमच्याकडं वेध म्हटलं की गरोदर बाईनं चाकू हाती घेऊ नये हेच.

अचलपूरकडून: बिनधास्त लिहा. वेध म्हणजे नेम धरून मोजमाप करणं, वेधशाळा त्यावरूनच, आणि ग्रह दिसो न दिसो, वेध ताऱ्याचा घेता येतो. ग्रहणाच्या वेधानं कोणाला काही होत नाही हेही त्याच तासाला सांगून टाका, गावात ते जास्त गरजेचं आहे.

पोरांना मित्र (अल्फा सेंटॉरी) हा तारा दाखवा, प्रॉक्झिमा त्याचाच सोबती. मे सरता सरता रात्री दहाच्या आसपास दक्षिणेला, क्षितिजापासून जेमतेम आठ अंश वर, झाडं नसलेली जागा पाहा. दोन ठळक तारे शेजारी दिसतील, उजवीकडचा मित्रक आणि डावीकडचा जास्त तेजस्वी तो मित्र. प्रॉक्झिमा नुसत्या डोळ्यानं दिसत नाही हे आधीच सांगा, नाहीतर पोरं शोधत बसतील.