फाईल यांनीच नष्ट करायची आणि पुरावा मात्र जवानाने आणायचा?

सिन्नरवाली
धाग्याचं कारण घरचंच आहे. माझे मामा ८० च्या दशकात आर्मीत भरती झाले, भरतीच्या मेडिकलला एकदम फिट. सात-आठ वर्षं नोकरी, शेवटचं पोस्टिंग हाय अल्टिट्यूडला, तिथे फिट्स (आकडी) यायला लागल्या, मग हॉस्पिटल, मग मेडिकल बोर्ड (डॉक्टरांची समिती) आणि बोर्ड आऊट, म्हणजे अनफिट ठरवून नोकरीतून काढलं. बोर्डाने शेरा मारला 'नाना', म्हणजे आजार नोकरीमुळे झालेला नाही आणि नोकरीने वाढलेलाही नाही. त्यामुळे अपंगत्व पेन्शन नाही, दहा वर्षं भरली नव्हती म्हणून इनव्हॅलिड पेन्शन (अनफिट म्हणून काढलेल्यांना मिळणारी) पण नाही, थोडी ग्रॅच्युइटी हातात दिली आणि घरी पाठवलं. पुढचं सगळं आयुष्य कांद्यात गेलं.
आता आरटीआय टाकला तर रेकॉर्ड ऑफिसचं उत्तर आलं (कुठलं ते लिहीत नाही, नाशिकचं नाही एवढं सांगते) की हे नॉन-पेन्शनर असल्याने कागदपत्रं २५ वर्षांनी नियमाप्रमाणे नष्ट केली.
आता गंमत बघा. नाना ठरवलं म्हणून माणूस नॉन-पेन्शनर, नॉन-पेन्शनर म्हणून फाईल २५ वर्षांत रद्दीत, आणि फाईल नाही म्हणून नाना चूक होतं हे दाखवता येत नाही. माझं म्हणणं सरळ आहे, कागद ज्याच्या ताब्यात होता आणि ज्याने तो नष्ट केला, शंकेचा तोटा त्याने सोसावा.

निवृत्त_बाबू
ताई, मी अशाच एका ऑफिसात क्लार्क होतो म्हणून लिहितो. नष्ट केली म्हणजे कोणी मुद्दाम गायब केली असं नसतं. रेग्युलेशन्स फॉर द आर्मी, पॅरा ५९५, नॉन-पेन्शनरचे कागद २५ वर्षं ठेवायचे. नियम छापलेला आहे, लपवलेला नाही. तुम्ही कधी आत जाऊन बघितलंय का किती शीट रोल (एकेका जवानाच्या नोकरीचे कागद) असतात, वाळवी, ओल, गठ्ठे छतापर्यंत. एक माणूस घरी गेला, पंचवीस वर्षं त्याचं एक पत्र नाही, ऑफिसने काय समजायचं? आणि कागद नसले की फक्त जवानच अडकतो असं नाही, सरकारकडेही बचावाला काही उरत नाही, ही बाजू कोणी बघत नाही.

सिन्नरवाली
काका, पत्र कुठून येणार? अपील करता येतं हे तरी कोणी सांगितलं होतं का? इंग्रजी कागदावर सही घेतली आणि मोकळे. मामा नववी पास.

तोफखाना_९२
मी स्वतः माजी सैनिक, नाशिकरोड कॅम्पात ट्रेनिंग, गुडघा ड्युटीवर गेलाय आणि अपंगत्व पेन्शन घेतो, त्यामुळे जवानाच्या विरोधात आहे असं कृपया समजू नका. पण कागद नाही म्हणून पेन्शन द्या असं एकदा सुरू झालं की उद्या दारू पिऊन मोटरसायकलवरून पडलेला पण म्हणेल माझी फाईल नष्ट झाली. मी माझ्या इंजुरी रिपोर्टची झेरॉक्स तेव्हाच काढून ट्रंकेत ठेवली होती, ज्याला गरज त्याने जपावं ना राव. आणि बोर्डात बसलेले डॉक्टर असतात. त्यांनी समोर माणूस बघून लिहिलं, तुम्ही तीस वर्षांनी न बघता म्हणता चूक होतं.

कॉलेजरोडवाला
इंजुरी रिपोर्ट जखमेचा होतो भाऊ, फिट्सचा कुठून होणार? आजारात सगळं बोर्डाच्या कागदावरच असतं आणि तेव्हा तो जवानाला कोण देत होतं. ट्रंकेत ठेवायला आधी हातात पडायला पाहिजे.
अमेरिकेतलं एक उदाहरण देतो. १२ जुलै १९७३ ला सेंट लुईसला त्यांच्या सैनिकी रेकॉर्डच्या इमारतीला आग लागली, १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख फाइली गेल्या, डुप्लिकेट नाही, इंडेक्स पण नाही. १९१२ ते १९६० मधे सुटलेल्या आर्मीवाल्यांच्या साधारण ८० टक्के फाइली त्यात. पण तिथे घरी जा नाही म्हटलं. पगाराची व्हाउचरं, युनिटचे रोजचे रिपोर्ट, हॉस्पिटल भरतीची माहिती, बरोबरच्या सैनिकांची निवेदनं यावरून फाईल परत उभी करायची पद्धत बसवली, आणि रेकॉर्ड सरकारकडून गेलं असेल तर दावेदाराला मदत करायची सरकारची जबाबदारी जास्त असं त्यांची कोर्टं म्हणतात.

निवृत्त_बाबू
ती आग होती. अपघात. इथे नियम आहे. दोन्हीची तुलना होत नाही.

कॉलेजरोडवाला
म्हणजे तर आपलं जास्त वाईट ना काका? त्यांचं चुकून गेलं तरी सरकार निस्तरतं, आपण ठरवून घालवलं आणि निस्तरायचं जवानाने.

वकील_नाही_पण
भांडण चालू ठेवा पण कायदा तरी बघा. धरमवीर सिंग केस, सुप्रीम कोर्ट, २०१३. योगायोगाने त्यातही फिट्सच होत्या. कोर्ट म्हणालं भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो नोकरीमुळेच झाला असं धरायचं, उलटं सिद्ध करायची जबाबदारी सरकारची, आणि बोर्डाने नुसता शेरा मारून चालणार नाही, कारणं लिहिली पाहिजेत. पुढे २०१४ ला सुखविंदर सिंग केसमधे म्हटलं की बोर्ड आऊट केलंय म्हणजे अपंगत्व २० टक्क्यांच्या वर, म्हणजे पेन्शनला लागतं तेवढं, आहे असंच समजायचं.

तोफखाना_९२
अर्धंच सांगताय. २०१९ ची नरसिंग यादव केस पण वाचा, तिथे याच सुप्रीम कोर्टाने सांगितलं की भरतीला नोंद नव्हती एवढ्यावरून आपोआप पेन्शन मिळत नाही, काही आजार भरतीच्या वेळी सापडतच नाहीत. आणि धरमवीरच्या वेळी बोर्डाचे कागद कोर्टासमोर होते, म्हणून तर कोर्टाला दिसलं की कारण लिहिलेलं नाही. ताईंच्या मामांच्या बोर्डाने कारण लिहिलं होतं की नव्हतं हे तुम्हाला कसं माहीत? ट्रिब्युनलने (सैन्याच्या केसेस ऐकणारं लवाद-कोर्ट) उशीर झाला आणि रेकॉर्ड नष्ट झालं म्हणून फेटाळलेले अर्ज पण आहेत, ते कोणी टाकत नाही इथे.

वकील_नाही_पण
मुद्दा बरोबर आहे, मान्य. पण नरसिंग यादवला स्किझोफ्रेनिया होता आणि तिथे बोर्डाचं मत वाचायला तरी मिळालं. कारण लिहिलं होतं की नाही हे आम्हाला माहीत नाही, तसं सरकारलाही माहीत नाही, आणि जबाबदारी सरकारची आहे. उशिराचं म्हणाल तर तरसेम सिंग, २००८. पेन्शन दर महिन्याला नाकारली जाते म्हणून केस चालू शकते, फक्त थकबाकी अर्जाच्या आधीच्या तीन वर्षांचीच. सरकारचं काही दिवाळं निघत नाही त्यात.

देवळालीची_सून
माझे सासरे पण तसेच आले होते घरी. गेले आता. खोटे दावे खोटे दावे काय लावलंय, कॅगच्या २०२३ च्या अहवालात अपंगत्व पेन्शन घेऊन निवृत्त होणाऱ्यांत अधिकाऱ्यांचं प्रमाण जवानांपेक्षा कितीतरी जास्त होतं, बीपी आणि शुगरवर, तिथे कोणी ट्रंक उघडायला सांगत नाही. इनव्हॅलिड पेन्शनची दहा वर्षांची अट २०२० मधे काढली ते चांगलंच झालं, पण ४ जानेवारी २०१९ ला किंवा नंतर नोकरीत असलेल्यांसाठीच, आमच्या घरातलं माणूस त्याच्या आधी आजारी पडलं हा काय त्याचा गुन्हा?

निवृत्त_बाबू
वहिनी, रागवू नका. नियमाबद्दल माझं मत तेच आहे, पण मामांना उपयोग होईल ते सांगतो. फाईल जाते तरी लाँग रोल, म्हणजे सगळ्या जवानांच्या नोंदीचं रजिस्टर, राहतो. त्यात भरतीची तारीख, सुटल्याची तारीख आणि कारण असतं. आरटीआयमधे 'मेडिकल कागद द्या' असं मागू नका, लाँग रोलची नोंद मागा आणि फाईल कधी नष्ट केली त्याचा पुरावा मागा. डिस्चार्ज बुक घरी असेलच, त्यात आर्मी रूल १३(३), आयटम तीन, (iii) असं काही लिहिलंय का बघा. तसं असेल तर मेडिकली अनफिट म्हणून काढलं हे सिद्ध झालं. भरतीला फिट होते हे तर भरती केली यावरूनच कळतं. म्हणजे दोन्ही टोकं हातात आली, मधलं गेलंय. हॉस्पिटलमधून घरी पाठवलेली आंतरदेशीय पत्रं पण शोधा, आमच्या वेळी बायका देवघराच्या फळीवर जपून ठेवायच्या, त्यावर तारखेचा शिक्का असतो आणि पाठवणाऱ्याच्या पत्त्यात वॉर्ड लिहिलेला असतो कधी कधी.

सिन्नरवाली
डिस्चार्ज बुक आहे!! मामीने साडीत गुंडाळून ठेवलंय. आकडा १३ च आहे, पुढचं पुसट झालंय पण तीन वेळा आय दिसतंय. पत्रं विचारते. काका, तुम्ही एवढं माहीत असून नियम बरोबर म्हणता, कमाल आहे तुमची.

निवृत्त_बाबू
नियम बरोबर आहे असं नाही म्हणालो, नियम आहे असं म्हणालो.

तोफखाना_९२
टाका ट्रिब्युनलच्या मुंबई बेंचला केस. मला वाटतं उशिरावरच अडकेल, नाही अडकली तर आनंदच आहे, निकाल इथे येऊन लिहा. मत माझं बदललेलं नाही. आणि तारखेला जायचं तर पंचवटी एक्सप्रेसचं रिझर्व्हेशन आधी करा, जनरलमधे नाशिकरोडला मामांच्या वयाच्या माणसाला पाय ठेवायला जागा मिळत नाही.