आईच्या भुवया खाली आल्यात, बोटॉक्स करावं की ऑपरेशन?

उचगावची लेक: नमस्कार मंडळी. आईचं वय ६२, गेल्या काही वर्षांत तिच्या दोन्ही भुवया चांगल्याच खाली आल्यात, कानाकडच्या बाजूला जास्त. तांदूळ निवडताना, पेपर वाचताना सारखं कपाळ वर ओढून बघते आणि संध्याकाळी कपाळ ठणकतं म्हणते. एका स्किन क्लिनिकवाल्यांनी कपाळाला बोटॉक्स (स्नायू ढिला करायचं इंजेक्शन) घ्या म्हणून सांगितलं, शेजारच्या काकू म्हणतात धागे घालून भुवया उचलतात तसं करा, बाबा म्हणतात वयाचं आहे गप बसा. आईला दिसण्याची हौस नाही ओ, वरचं नीट दिसत नाही एवढंच तिचं म्हणणं. बीपी आहे, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. कोल्हापुरात सोय होते का पुण्यालाच जावं लागतं? कुणाला अनुभव असला तर सांगा की.

रंकाळा_चष्मा: ताई, मी डोळ्यांच्या दवाखान्यात तपासणीचं काम करते. कपाळाला बोटॉक्स घाईनं अजिबात घेऊ नका. आई कपाळाच्या स्नायूच्या जोरावरच भुवया वर धरून आहेत, तोच ढिला केला तर भुवया अजून खाली बसतील. भुवई उचलायचं बोटॉक्स वेगळ्या जागी देतात, भुवईला खाली ओढणाऱ्या स्नायूंत, त्यानं फरक पडतो तो एखाद-दोन मिलिमीटरचा आणि तीन-चार महिन्यांत उतरतो.

आधी नक्की काय लोंबतंय ते बघा. आईंना आरशासमोर बसवा, डोळे मिटून कपाळ सैल सोडू दे, मग तुम्ही अंगठ्यानं कपाळ हलकं दाबून धरा आणि डोळे उघडायला सांगा. आता भुवई बोटानं जागेवर उचला. पापणीवरची घडी गेली तर मूळ दुखणं भुवईचं, तरीही कातडी लोंबत राहिली तर पापणीची कातडी पण वाढलीय, आणि पापणीची कडच बुबुळावर उतरली असेल तर ती उचलणारा स्नायू कमजोर. तिन्हींचं ऑपरेशन वेगळं असतं. भुवई खाली असताना नुसती पापणीची कातडी कापली तर डोळ्यावरचं ओझं कमी होतं, कपाळ जोर लावायचं थांबतं आणि भुवई आणखी खाली येते, असे पेशंट बघून लई वाईट वाटतं.

गडहिंग्लजकर: माझ्या मामांचं तोंड वाकडं झालेलं, नंतर एका बाजूची भुवई कायमची पडली. त्यांचं जागेवरची भूल देऊन केलं, भुवईच्या केसांच्या अगदी वरच्या कडेनं कातडीची पट्टी काढून टाके घातले. व्रण सुरुवातीला लालबुंद होता पण आता जवळून बघितलं तरच कळतो, कपाळाला मात्र बरेच दिवस बधिरपणा होता. दुर्बिणीनं पण करतात, केसांच्या आत छोटे छेद घेऊन, त्यात व्रण झाकला जातो पण खर्च जास्त. धाग्यांचं म्हणाल तर ते काही महिन्यांनी सैल पडतात, काकूंचं नका ऐकू.

उचगावची लेक: करून बघितलं. भुवई उचलली की बरंच मोकळं होतं पण बाहेरच्या कोपऱ्यात थोडी कातडी राहतेच. दोन्ही एकदम करतात का? आणि मेडिक्लेम मिळतो का?

रंकाळा_चष्मा: हो, बऱ्याचदा एकाच वेळी करतात, आधी भुवई ठरवतात मग पापणी. मेडिक्लेमवाले सौंदर्यासाठीचं ऑपरेशन धरत नाहीत, नजर अडते हे कागदावर दाखवावं लागतं. त्यासाठी फिल्ड टेस्ट (नजर कुठवर पोचते ते मोजायची तपासणी) करा, एकदा तशीच आणि एकदा भुवई चिकटपट्टीनं वर बांधून, दोन्ही रिपोर्टमधला फरक हाच पुरावा. ऑपरेशनच्या आधी कंपनीची मंजुरी लेखी घ्या.

रक्ताची गोळी मात्र स्वतःच्या मनानं बंद करू नका, ज्यांनी सुरू केली त्या डॉक्टरांनाच विचारा. आणि पापणी सकाळी ठीक, संध्याकाळी जास्त पडते असं असेल तर ते आधी सांगा, त्याची तपासणी वेगळी. अचानक पापणी पडली, एकाचे दोन दिसायला लागले किंवा एक बाहुली मोठी झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

पहिली तपासणी कोल्हापुरातच सीपीआर या सरकारी दवाखान्याच्या डोळ्यांच्या ओपीडीत करून घ्या, पुढं ऑक्युलोप्लास्टी (पापण्या-भुवयांची ऑपरेशनं) शिकलेल्या डॉक्टरांकडं चिठ्ठी मागा. जाताना आईंचा जुना फोटो न्या, भुवई मुळात कुठं होती ते त्यावरून ठरवता येतं.

उचगावची लेक: लग्नाच्या अल्बममधला काढून ठेवलाय. सोमवारी घेऊन जातो आईला, काय सांगतात ते इथंच लिहीन.