इंडिका, सटायव्हा, हायब्रिड: पाकिटावरच्या या नावांना नक्की अर्थ काय?

नगरची_मेघा

नमस्कार मंडळी. मी टोरंटोजवळ राहते, इथं कॅनाबिस म्हणजे गांजा ऑक्टोबर २०१८ पासून कायदेशीर आहे, त्यामुळे "असलं घेताच कशाला" या वळणावर धागा नेऊ नका ही विनंती, मला खरंच समजून घ्यायचंय.

वर्षभरापासून माझी झोप पार उडालीय, कामाच्या शिफ्ट सारख्या बदलतात. मैत्रीण म्हणाली रात्री थोडं इंडिका घेऊन बघ. परवाना असलेल्या दुकानात गेले, काउंटरवरच्या मुलानं सांगितलं की इंडिका म्हणजे अंग सैल करणारं, सटायव्हा म्हणजे तरतरी आणणारं आणि हायब्रिड म्हणजे दोन्हीच्या मधलं. इंडिकाचं पाकीट आणलं, झोपायच्या आधी तीन-चार झुरके घेतले आणि थोड्याच वेळात छाती अशी धडधडायला लागली की मला वाटलं आता काही खरं नाही. रात्री दोन वाजता मी बाथरूमच्या गार फरशीवर बसलेय आणि नवरा माझं मनगट धरून घड्याळात बघत ठोके मोजतोय, १२८ भरले. झोप तर सोडाच, पहाटेपर्यंत डोळा लागला नाही.

महिन्याभरानं धीर करून दुसऱ्या कंपनीचं पाकीट आणलं, तेही इंडिकाच. एकच झुरका घेतला आणि सकाळी साडेसहापर्यंत गाढ झोपले. आता मला सांगा, दोन्ही इंडिका तर मग एवढा फरक का? आणि बाबा फोनवर म्हणाले की इंडिका म्हणजे आपल्या देशातला, आपल्याकडचा गांजा म्हणजे तोच असणार. हे बरोबर आहे का?

राहुरीचा_अॅग्री

मेघाताई, मी राहुरीला शेतकी शिकलो आणि आता इकडे ग्रीनहाऊसमध्ये काम करतो (टोमॅटो आणि ढोबळी मिरची, गांजा नाही), पण झाडाचा विषय आवडीचा आहे म्हणून लिहितो.

बाबांचं म्हणणं नावापुरतं बरोबर आहे, पण दुकानातल्या पाकिटाला ते लागू होत नाही. झालं असं की झाडांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनं १७५३ साली युरोपातल्या झाडाला कॅनाबिस सटायव्हा नाव दिलं, सटायव्हा म्हणजे लागवडीतलं, बस एवढाच त्याचा अर्थ. मग १७८५ मध्ये लामार्क या फ्रेंच शास्त्रज्ञानं भारतातून आलेले नमुने बघितले, त्याला ते झाड जास्त नशा देणारं आणि वेगळं वाटलं म्हणून त्यानं कॅनाबिस इंडिका म्हटलं. ते आपल्याकडचं झाड म्हणजे उंच वाढणारं, बारीक पानांचं. आणि आज दुकानात इंडिका म्हणून ज्याचं वर्णन करतात ते बुटकं, पसरट पानांचं, दाट झुडूप अफगाणिस्तान-हिंदुकुश भागातलं. नावांच्या शेवटी ते कुश कुश असतं ना, ते त्या हिंदुकुशवरूनच. १९७० च्या दशकात शुल्टेस नावाच्या अमेरिकन वनस्पतीशास्त्रज्ञानं अफगाणिस्तानातली ही झाडं बघितली आणि इंडिका हे नाव त्यांना लावलं, तेव्हापासून ते तिकडे चिकटलं. म्हणजे बघा, भारताच्या नावाचं लेबल अफगाणी झाडाला आणि आपलं केरळचं उंच बारीक पानांचं वाण मात्र दुकानवाल्यांच्या भाषेत सटायव्हा. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी दोन दिवस तेच सगळ्यांना सांगत सुटलो होतो.

स्मॉल आणि क्रॉन्क्विस्ट या वनस्पतीशास्त्रज्ञांनी तर १९७६ मध्ये सगळं एकाच जातीत धरलं, फक्त दोन उपजाती केल्या, आणि हेम्प (धाग्यासाठी, बियांसाठी लावतात ते) कुठलं आणि नशेचं कुठलं हे ठरवायला ०.३ टक्के टीएचसीची, म्हणजे नशा आणणाऱ्या घटकाची, रेघ मारली. कॅनडा आणि अमेरिका दोन्हीकडे हेम्पची व्याख्या आजही ०.३ टक्क्यांवरच आहे.

त्यात गेली पन्नासेक वर्षं लोकांनी या सगळ्यांचा एवढा संकर केलाय की शुद्ध वाण बाजारात जवळपास राहिलंच नाही, खरं तर सगळंच हायब्रिड. २०१५ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी जनुकं तपासली तर पाकिटावर लिहिलेलं इंडिका-सटायव्हा आणि प्रत्यक्षातला वंश यांचा मेळ फारसा बसेना, इतकंच काय एकाच नावाचे दोन नमुने कधी कधी एकमेकांपेक्षा वेगळ्याच नावाच्या नमुन्यांना जास्त जवळचे निघाले. आपल्याकडे हापूस म्हणून काहीही विकतात तसंच. फरक एवढाच की हापूसची कलमं तरी असतात, इथं एकानं कलम लावलेलं असतं, दुसऱ्यानं बियाणं, आणि नाव दोघांचं एकच.

औषधवाली

वरचं सगळं छान लिहिलंय, मी फार्मसिस्ट आहे, मी पाकिटाकडे येते.

मेघा, तू दोन वेळा दोन वेगळ्या गोष्टी केल्यास हे आधी लक्षात घे. पहिल्या रात्री तीन-चार झुरके, दुसऱ्या वेळी एक. त्यामुळे वाण कुठलं होतं यापेक्षा पोटात... म्हणजे फुप्फुसात टीएचसी किती गेलं हा प्रश्न मोठा. हिशोब सोपा आहे. पाकिटावर २७ टक्के लिहिलं असेल तर एका ग्रॅममध्ये २७० मिलिग्रॅम. चिमूटभर म्हणजे ०.१ ग्रॅम जाळलंस तर त्यात २७ मिलिग्रॅम, त्यातलं बरंच धुरात वाया जातं हे खरं, पण अमेरिकेत संशोधनासाठी जे एक माप धरतात ते ५ मिलिग्रॅमचं आहे, त्यावरून अंदाज कर. नवख्या माणसाला जास्त टीएचसीनं धडधड, भीती, घाम हे होतंच, आणि इंडिका लिहिलंय म्हणून ते टळत नाही.

काही पाकिटांवर टीएचसीचे दोन आकडे दिसतील, एक अगदी छोटा, दुसरा मोठा आणि त्यामागे टोटल लिहिलेलं. कच्च्या फुलात टीएचसी बहुतेक आम्लाच्या रूपात असतं, ते गरम झाल्यावर खऱ्या टीएचसीत बदलतं, म्हणून जाळण्यासाठी घेतेस तर मोठा आकडाच तुझा. मग सीबीडी बघ, हा झाडातलाच दुसरा घटक. सीबीडीनं तशी नशा होत नाही. जिथं टीएचसी कमी आणि सीबीडी त्याच्या आसपास आहे ते नवख्याला झेपायची शक्यता जास्त.

राहिला वास. पाकिटावर टर्पीन्स, म्हणजे वास देणारी द्रव्यं, दिलेले असतात कधी कधी. मिर्सीन, लिमोनीन, पायनीन, लिनालूल, कॅरियोफायलीन अशी नावं बघून घाबरू नकोस, हे सगळं आपल्या स्वयंपाकघरात आहे. लिंबाच्या सालीत लिमोनीन, धण्यांत लिनालूल, मिरी-लवंगेत कॅरियोफायलीन, गवती चहात मिर्सीन. २०२१ मध्ये इकडच्याच, कॅनडातल्या डलहौजी विद्यापीठातल्या लोकांनी दाखवलं की लेबल लावताना फरक राहतो तो अशा मोजक्या टर्पीन्सचाच, म्हणजे मातकट वासाला इंडिका म्हणायचं आणि दुसऱ्या काही वासांना सटायव्हा. पण अमुक वास म्हणजे अमुक परिणाम असं माणसांवर पक्कं सिद्ध झालेलं नाही, तेवढं ध्यानात ठेव.

आणि एक, खायच्या गोळ्या-चॉकलेटकडे वळशील तर २.५ मिलिग्रॅमपासून, आणि परिणाम दिसायला दोन तासही लागतात, पूर्ण चढायला चार, म्हणून "काहीच होत नाहीये" म्हणून लगेच दुसरं खाऊ नकोस. रक्त पातळ करायची गोळी, फिटची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टर. बीपीचं काही चालू आहे का तुझं?

कोर्टकचेरी

भारतातून वाचणाऱ्यांसाठी लिहितो, कारण इथं लोक भांग, गांजा, चरस यांना तीन वाणं समजतात. तसं नाहीये, झाड एकच. मादी झाडाचे फुलांचे तुरे म्हणजे गांजा, त्यावरची चिकट राळ हातावर चोळून गोळा केली की चरस, आणि पानं वाटली की भांग. १९८५ च्या एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात बिया आणि तुऱ्याशिवायची नुसती पानं गांज्याच्या व्याख्येतून वगळलीत, म्हणून काही राज्यांत भांगेची सरकारी दुकानं दिसतात. गांजा मात्र १ किलोपर्यंत कमी प्रमाण धरतात, त्याला सुद्धा वर्षापर्यंत कैद किंवा १० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि २० किलोच्या वर व्यापारी प्रमाण, तिथं किमान दहा वर्षं. चरसला हेच आकडे १०० ग्रॅम आणि १ किलो. कोर्टात इंडिका की सटायव्हा हे कोणी विचारत नाही, व्याख्येत असा भेदच नाही. मेघाताई, सुट्टीला येताना बॅगेत चुकूनही राहू देऊ नका, कॅनडाच्या सीमेबाहेर नेणं तिकडच्या कायद्यानंही गुन्हा आहे.

राहुरीचा_अॅग्री

कोर्टकचेरी साहेब, मादी झाडाचं बरं काढलंत. नर झाड वेळेत उपटलं नाही तर मादीला बी धरतं आणि राळ कमी होते. बंगालमध्ये शेतात फिरून नर झाडं ओळखून काढणारे लोक असायचे, त्यांना इंग्रज चक्क गांजा डॉक्टर म्हणायचे, १८९३-९४ च्या हेम्प ड्रग्स कमिशनच्या (इंग्रज सरकारनं गांजा-भांगेची चौकशी करायला नेमलेल्या आयोगाच्या) अहवालात हे आहे. त्या काळी आपल्या नगर जिल्ह्यातही परवान्यावर गांजा पिकायचा. मेघाताई, तुमच्या बाबांना विचारा बरं.

नगरची_मेघा

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं नीट कोणीच सांगितलं नव्हतं. दोन्ही पाकिटं कपाटातून काढून टेबलावर शेजारी ठेवली आणि पहिल्यांदाच मागची बाजू वाचली. पहिलं, टोटल टीएचसी २७ टक्के, सीबीडी जवळजवळ शून्य. दुसरं, टीएचसी ९ आणि सीबीडी ८. दोन्हीवर मोठ्या अक्षरात इंडिका! पहिल्याचा वास उघडल्या उघडल्या लिंबाच्या सालीसारखा, दुसऱ्याचा खरंच मिरी कुटल्यासारखा. म्हणजे मी तीनपट जोराचं आणि वर तीन-चार झुरके असं केलं होतं, छाती धडधडणारच. औषधवालीताई, बीपीचं काही नाही पण थायरॉइडची गोळी चालू आहे, सोमवारी डॉक्टरांची वेळ घेतलीय, तोपर्यंत काहीच घेत नाही.

आणि बाबांना फोन केला. त्यांच्या आजोबांनी त्यांना सांगितलं होतं की गांज्याचं झाड माणसापेक्षा उंच असायचं आणि पान थेट अंबाडीसारखं, बारीक बोटांचं.

राहुरीचा_अॅग्री

बघा, लामार्कचं झाड! आणि अंबाडीचं शास्त्रीय नाव हिबिस्कस कॅनाबिनस आहे, त्या पानांवरूनच. भाकरीबरोबर अंबाडीची भाजी खा मेघाताई, इकडे इंडियन दुकानात गोंगुरा नावानं तिचीच मावसबहीण मिळते.