जुन्या कारखान्यातल्या संग्रहालयाचे फलक: परवानगीच्या अर्जात काय द्यावं?

प्रश्न: विटांच्या दर्शनी भिंतीवर 60 सेंमी उंचीची धातूची अक्षरं लावायची आहेत. अर्जाला काय जोडू?

उत्तर 1: स्थळनकाशा, आताच्या आणि प्रस्तावित दर्शनी बाजूचं 1:100 प्रमाणातलं रेखाचित्र, 1:20 प्रमाणातला छेद (भिंत आणि अक्षरं उभी कापली तर बाजूने कशी दिसतील, ते रेखाचित्र). अक्षरं भिंतीपासून किती पुढे येतात, बोल्ट कुठे, वायर कुठून, हे छेदात दिसलंच पाहिजे. नुसतं संगणकावरचं चित्र पुरत नाही.

उत्तर 2: भोकं विटेत नको, चुन्याच्या सांध्यात पाडा. सांधा पुन्हा भरता येतो, फुटलेली वीट बदलावी लागते. बोल्ट स्टेनलेस स्टीलचेच. साधं लोखंड गंजून फुगतं आणि वीट फोडतं.

उत्तर 3: कारखान्याचं रंगवलेलं जुनं नाव भिंतीवर असेल तर ते झाकू नका, हरकत तिथेच येते. (तुमचा सर्वांत चांगला फलक तोच!) वारसा इमारत असल्यास वेगळी परवानगीही लागू शकते.