मदत हवी आहे: शाळेच्या ऑनलाइन लायब्ररीच्या निधीसाठी कमिटीसमोर 2 मिनिटांत काय बोलू?

नमस्कार मंडळी, अमेरिकेत पब्लिक स्कूलमध्ये मुलं असलेले इथे बरेच जण आहेत म्हणून इथेच विचारतेय. (धागा राजकारणावर नेऊ नका प्लीज, मला खरंच मदत हवीय.)

मुलगी सातवीत आहे. शाळेच्या लायब्ररीच्या पानावर एन्सायक्लोपीडिया, मासिकांतले लेख, जुनी वर्तमानपत्रं असे डेटाबेस आहेत आणि मला इतकी वर्षं वाटत होतं की हे शाळाच विकत घेते. तर तसं नाहीये, आमच्याकडे हे सगळं स्टेट लायब्ररी अख्ख्या राज्यासाठी एकदम घेते आणि आता बजेटच्या मसुद्यातून ती ओळच गायब आहे. पीटीएच्या मीटिंगमध्ये लायब्ररियन बाईंनी हे सांगितलं, मी तिथे जरा जास्तच तावातावाने बोलले, तर आता राज्याच्या विधिमंडळाच्या बजेट कमिटीसमोर टेस्टिमनी द्यायला, म्हणजे आपलं म्हणणं मांडायला, मलाच पुढे केलंय. माझा माइकशी संबंध ऑफिसच्या कॉलपुरता!

थोडं वाचलंय. ई-रेट या फेडरल योजनेतून शाळांना इंटरनेटवर 20 ते 90 टक्के सवलत मिळते, पण ती कनेक्शनला, त्यावर वाचायच्या मजकुराला नाही. म्हणजे नळ स्वस्त, पाणी तुमचं तुम्ही बघा. लायब्ररींसाठीचा फेडरल पैसा आयएमएलएस या केंद्रीय संस्थेकडून राज्यांना येतो, पण मार्च 2025 मध्ये ती संस्थाच गुंडाळायचा आदेश निघाला आणि प्रकरण कोर्टात गेलं, त्यामुळे त्याच्यावर किती विसंबायचं कळत नाही. जॉर्जियात गॅलिलिओ ही राज्याची ऑनलाइन लायब्ररी 1995 पासून चालू आहे, ओहायोत शाळांसाठी तशीच इन्फोहायो आहे, ही उदाहरणं द्यावीत का? की "मग तिकडे राहायला जा" म्हणतील?

खरी भीती एकाच प्रश्नाची आहे, "गूगल आहे, एआय आहे, मग हे कशाला?" मुलीने ज्वालामुखीवर प्रोजेक्ट केला तेव्हा साध्या सर्चमध्ये अर्ध्या साइट पैसे मागत होत्या आणि उरलेल्या जाहिरातींनी भरलेल्या, डेटाबेसमध्ये मात्र तोच लेख सोप्या इंग्रजीत करून घेता आला, मोठ्याने वाचून घेता आला. तिच्या वर्गात नुकताच देशात आलेला एक मुलगा आहे, तो तर त्यावरच चालतो. पण हे कमिटीला पुरेल का? कोणी आधी बोललंय का अशा ठिकाणी?

प्रतिसाद 1
मी बोललोय, दुसऱ्या विषयावर. डेटाबेसची नावं वाचत बसू नका, तिथेच वेळ संपतो. त्या नव्या मुलाचं सांगा, पण नाव नको. आणि लायब्ररियनकडून वापराचे आकडे घ्या, लॉगिनचे नाही, पूर्ण लेख किती उघडले ते. लॉगिन काय, मुलं चुकूनही करतात.

प्रतिसाद 2
कमिटी पैशाचं ऐकते, म्हणून ही गोष्ट नक्की बघा. आयएमएलएसच्या फेडरल ग्रँटला राज्याला 34 टक्के वाटा घालावा लागतो, आणि राज्याचा लायब्ररीवरचा खर्च मागच्या 3 वर्षांच्या सरासरीखाली गेला की फेडरल रक्कमही त्या प्रमाणात कापली जाते. म्हणजे एक डॉलर वाचवायला गेलात तर फेडरल पैसेही जातात. पण तुमच्या राज्याने हा डेटाबेसचा खर्च त्या हिशोबात धरलाय का ते स्टेट लायब्ररीला फोन करून आधी विचारा, नाहीतर समोरचा तिथेच पकडेल. दुसरं म्हणजे राज्याने सोडलं तरी मोठे डिस्ट्रिक्ट स्वतःच्या पैशाने घेतील, छोटे गावाकडचे सोडून देतील. कमिटीत अशा गावांचा कोण रेप्रेझेंटेटिव्ह आहे बघा आणि बोलताना त्याच्याकडे बघून बोला.

धागाकर्ती
बापरे, हे सरासरीचं आमच्या लायब्ररियन बाईंनाही माहीत नव्हतं! स्टेट लायब्ररीत विचारलं, खर्च त्यात धरलाय. इथे बहुतेक राज्यांसारखं आमचंही आर्थिक वर्ष 1 जुलैला सुरू होतं, सुनावणी त्याच्या बरीच आधी, म्हणजे हातात 9 दिवस. इन्फोहायो वगैरे काढून टाकलं. आता सुरुवात मुलापासून करू की पैशापासून? घड्याळ लावून वाचलं तर 2 मिनिटं 40 सेकंद होतायत.