फिटच्या गोळ्या चालू आहेत आणि चान्स घ्यायचाय, काय करू?

रानजाई:
नमस्कार मंडळी, मला कॉलेजपासून फिट येतात, सोडियम व्हॅल्प्रोएट 500 सकाळ-संध्याकाळ चालू आहे, बऱ्याच दिवसांत फिट नाही. आता चान्स घ्यायचा विचार आहे पण नेटवर वाचलं की या गोळीने बाळाच्या बुद्धीवर परिणाम होतो, तेव्हापासून झोप उडालीय. सासूबाई म्हणतात नऊ महिने गोळ्या बंदच ठेव. चालतं का असं?

केशरआंबा:
अजिबात बंद करू नकोस!! माझ्या वहिनीने दिवस गेल्याचं कळताच कुणाला न विचारता गोळ्या सोडल्या, तर गॅसपाशी उभी असतानाच फिट आली, उकळती आमटी हातावर. बाळ वाचलं हे नशीब.

वॉर्डवाली_ताई:
न्यूरो वॉर्डला नर्स आहे म्हणून लिहिते. भीती खोटी नाहीये तुझी, पण फिटच्या सगळ्या गोळ्या एकाच माळेचे मणी नाहीत. व्हॅल्प्रोएट त्यातली खरंच नको अशी. पोटात असताना ती मिळालेल्या साधारण दहात एका बाळाला जन्मतः व्यंग असतं, मणक्याचं, हृदयाचं, टाळूचं, आणि शंभरात 30-40 मुलांना पुढे बोलायला-चालायला उशीर, लक्ष न लागणं, ऑटिझम असलं काहीतरी निघतं. अमेरिका-ब्रिटनचा 2013 चा अभ्यास आहे, सहा वर्षांच्या मुलांचा सरासरी आयक्यू व्हॅल्प्रोएटवाल्यांचा 97 आणि लॅमोट्रिजिनवाल्यांचा 108 आला. डोस जास्त तर फरक जास्त. लॅमोट्रिजिन, लेव्हेटिरासिटॅम खूप बऱ्या. टोपिरामेट कुणी सुचवलं तर मात्र दोनदा विचार.
पण गोळी बदलायची ती दिवस जायच्या आधी, हळूहळू, त्यात महिने जातात, तोवर चान्स नको. फोलिक अ‍ॅसिडही आधीपासूनच, किती ते डॉक्टर सांगतील.

माळावरचा_गडी:
ताई, एक राहिलं. काहींच्या फिट व्हॅल्प्रोएटशिवाय थांबतच नाहीत, मिसेसचं तसंच होतं, मग डॉक्टरांनी कमीत कमी डोसवर ठेवलं. आणि लॅमोट्रिजिनचं रक्तातलं प्रमाण गरोदरपणात बरंच उतरतं, डोस वाढवावा लागतो, बाळंतपणानंतर परत कमी करावा लागतो. हे गायनॅककडे आपोआप होईल असं धरून चालू नका, न्यूरोवाल्यांनाही दाखवत राहा.

रानजाई:
थँक्यू सगळ्यांना. न्यूरोलॉजिस्टची अपॉइंटमेंट घेतेय. अंगावर पाजलेलं चालतं का नंतर?

वॉर्डवाली_ताई:
बहुतेक गोळ्यांवर चालतं, तेही विचारून घे. जुना ईईजी (मेंदूच्या लहरींचा रिपोर्ट) आणि गोळ्यांची पाकिटं ने सोबत. आणि सासूबाईंनाही ने, डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की पटेल.