उद्या पहाटे डबलसीट चाळकेवाडी: थंडी-वाऱ्याची तयारी (सोसायटी ग्रुप, सातारा)

प्रणव, बी-304: उद्या पहाटे साडेसहाला आईला घेऊन ॲक्टिव्हावर सज्जनगड, तिथून चाळकेवाडी. गारठा आहे, वर वारंही असणार. काय काय बघू?

जाधव काका, ए-101: आधी मागच्या चाकातली हवा. एकट्याला 29 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप), डबलसीटला 36, पुढं 22. तुझ्या मॉडेलचा आकडा पुस्तकात बघून घे. टायर गार असताना मोज. हवामान 10 अंशांनी उतरलं की दीड-दोन पीएसआय आपसूक कमी होतात. मागं हवा कमी आणि वजन जास्त असलं की गाडी वळणावर डुलते. पुढचं चाक आधीच हलकं झालेलं असतं, त्यात आडवा वारा लागला की हँडल हातात राहत नाही. डिकीच्या मागं बॉक्स लावला असशील तर काढून ठेव, वारा त्यालाच धरतो.

माने वहिनी, सी-202: चालवणाऱ्यापेक्षा मागचं माणूस जास्त गारठतं, हे कुणी धरतच नाही. पुढच्याच्या पायांना पत्र्याचा आडोसा असतो, मागच्याचे गुडघे आणि पावलं वाऱ्यात उघडी. 10 अंशांत 40-50 च्या वेगानं गेलं तर उघड्या कातडीला 5-6 अंशांइतकी थंडी लागते. काकूंना आत स्वेटर, वर विंडचीटर. तो नसेल तर रेनकोटचं जाकीट. नुसत्या लोकरीतून वारा आरपार जातो. लोकरी मोजे, बंद बूट, हातमोजे. शाल अजिबात नको, सुटलं टोक चाकात जातं.

प्रणव, बी-304: आई साडीवर एका बाजूला पाय टाकून बसते.

जाधव काका, ए-101: मग चाळकेवाडी नको. तसं बसल्यावर गुडघ्यांनी धरायला काही नसतं, झोत आला की वजन एकीकडं जातं. ड्रेस घालून दोन्हीकडं पाय टाकून, तुला चिकटून बसू दे. हात कमरेला, खांद्यावर नाही. मधे फट राहिली की तिथूनच वारा शिरतो.

शिंदे, ए-403: बोगद्यापुढं डोंगराचा आडोसा संपला की झोत अचानक येतो. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या आहेत, यावरूनच वाऱ्याचा अंदाज घे. 40 च्या आत राहा, रस्त्याची कड सोड, कोपरं सैल ठेव. हँडल आवळून धरलं तर प्रत्येक झोत थेट चाकात उतरतो. समोरून ट्रक आला तर तो वारा अडवतो आणि पुढं गेला की एकदम सोडतो. तेवढ्या क्षणासाठी तयार राहा.

उतारावर इंजिन बंद करू नकोस. वेग फार कमी झाला की स्कूटरचा क्लच सुटतो, इंजिनाचा अटकाव संपतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. सतत दाबून ठेवलेला ड्रम ब्रेक तापून धरेनासा होतो. दाबायचा, सोडायचा, परत दाबायचा.

माने वहिनी, सी-202: हेल्मेट दोघांनाही. मफलर नाकाच्या खाली, नाहीतर श्वास वर जाऊन काच धुरकटते. काच एक टिचकी उघडी ठेव. जाड कानटोपी आत घालू नका, हेल्मेट नीट बसत नाही.

शिंदे, ए-403: आणि साडेसहा कशाला? सूर्यच सातनंतर उगवतो. नऊला निघ. वारा राहील, पण गारठा उतरेल. वाटेत दोनदा थांबून काकूंना बोटं मिटून-उघडून दाखवायला सांग. बोटं वळत नसतील तर धरणार कशानं? तिथूनच परत फिर.

प्रणव, बी-304: नऊला निघतो. या खेपेला सज्जनगडापर्यंतच. हवा आज संध्याकाळीच भरून ठेवतो.

जाधव काका, ए-101: भर, पण सकाळी निघताना गार टायरवर परत मोज. गेज माझ्याकडं आहे, घेऊन जा.